स्थळरचना आणि स्थानपोथी : ख्रिस्ती प्रार्थनेतील कल्पनाव्यापार

येशूच्या जन्मप्रसंगाचे ध्यान करू इच्छिणाऱ्या साधकापुढे इग्नेशियस लोयोला प्रथम एक रस्ता ठेवतो. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा हा रस्ता साधकाने मनश्चक्षूंनी पाहायचा असतो. तो किती लांब आहे, रुंद की अरुंद, सपाटीवरून जातो की दऱ्याखोऱ्यांतून, हे सारे साधकाने ठरवायचे. मग गुहेकडे वळायचे. ती लहान की मोठी, ठेंगणी की उंच, हेही त्यानेच ठरवायचे. इग्नेशियस प्रश्न विचारतो, उत्तर मात्र कोठेच देत नाही. धर्मग्रंथाच्या परंपरेत वाढलेल्या, पाखंडाच्या संशयाने ज्याची एकाहून अधिक वेळा चौकशी झाली अशा माणसाने धर्मकथेतील एवढी जागा साधकाच्या हवाली करावी, ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. ख्रिस्ती प्रार्थनेतील कल्पनाशक्तीच्या स्थानाचा विचार या रिकाम्या सोडलेल्या रस्त्यापासून सुरू करणे म्हणूनच सोयीचे ठरते.

'आध्यात्मिक व्यायाम' या पुस्तकाला पोप तिसरा पॉल याची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. त्याची घडण मात्र १५२२ पासून, मानरेसाच्या वास्तव्यापासून, चाललेली होती. शीर्षकातील 'व्यायाम' हा शब्द अक्षरशः घ्यायचा आहे. चालणे, धावणे हे जसे शरीराचे व्यायाम तसे हे आत्म्याचे, असा खुलासा इग्नेशियस आरंभीच करतो. वाचनाचा आनंद मिळावा म्हणून हे पुस्तक लिहिलेलेच नाही, आणि वाङ्मय म्हणून ते हाती घेणाऱ्याची निराशा होते ती त्यामुळेच. वाक्ये तुटक आहेत, वर्णन जवळजवळ नाही, सूचना मात्र एखाद्या कवायतीच्या पुस्तकासारख्या आहेत. चार 'आठवड्यांची' विभागणी, दिवसातील ध्यानाच्या वेळा, प्रत्येक ध्यानाआधीच्या पूर्वतयारीचा क्रम, ध्यान संपल्यावर ते कसे झाले याची तपासणी, असा सारा जामानिमा आहे. शिवाय हे पुस्तक साधकाच्या हाती द्यायचे नसून ते आहे मार्गदर्शकासाठी. त्याला आरंभीच बजावलेले आहे की त्याने प्रसंग थोडक्यात सांगावा, विस्तार करू नये. साधकाने स्वतः शोधून काढलेले थोडेसेही त्याला दुसऱ्याने पुष्कळ सांगितल्यापेक्षा अधिक गोडी देते, कारण आत्म्याची तृप्ती पुष्कळ जाणण्यात नसून आतून चाखण्यात आहे, अशी इग्नेशियसची भूमिका. वाचनव्यापाराची मीमांसा करताना व्होल्फगांग इझर याने संहितेतील रिक्त जागांना जे महत्त्व दिले ते येथे चारशे वर्षे आधी, एका वेगळ्याच प्रयोजनाने, व्यवहारात उतरलेले दिसते. साम्य मात्र फार ताणू नये. इझरचा वाचक रिक्त जागा भरून अर्थ सिद्ध करतो. इग्नेशियसचा साधक त्या भरून स्वतः तेथे जाऊन उभा राहतो.

या 'उभे राहण्या'ची योजना तपशिलात पाहण्यासारखी आहे. गुहेत साधकाला प्रेक्षकाची जागा दिलेली नाही. त्याने स्वतःला एक गरीब, अपात्र लहानसा सेवक करायचे आहे, जणू तो तेथे हजर आहे अशा रीतीने त्या कुटुंबाकडे पाहायचे आहे, त्यांना काय हवे-नको ते बघायचे आहे. त्याच प्रसंगाकडे पुन्हा वळताना इंद्रिये एकेक करून कामाला लावायची. पाहायचे, ऐकायचे, देवत्वाचा गंध आणि गोडवा अनुभवायचा, आणि ते जेथे पाऊल ठेवतात, जेथे बसतात त्या जागांना स्पर्श करायचा. नरकाच्या ध्यानातही हीच पाच इंद्रिये आहेत, फक्त तेथे धूर आणि गंधक आहे. येथे गोडव्याला जेवढी शिस्त आहे तेवढीच भीतीलाही आहे, हे नजरेआड करून चालणार नाही.

रोलां बार्थ याने १९७१ च्या 'साद, फूरिए, लोयोला' या पुस्तकात इग्नेशियसला एका नव्या भाषेचा संस्थापक म्हटले, आणि त्यायोगे या कोरड्या पुस्तकाला समीक्षेच्या कक्षेत आणले. त्याच्या मते येथे संहिता एक नसून चार आहेत. पहिली इग्नेशियसने मार्गदर्शकाला दिलेली, दुसरी मार्गदर्शकाने साधकाला दिलेली, तिसरी साधकाने देवापुढे आचरलेली आणि चौथी देवाने साधकाला दिलेली. इग्नेशियसपाशी प्रतिमांचा साठा दरिद्री आहे पण प्रतिमा घडविणारी शक्ती प्रबळ आहे, हे बार्थचे निरीक्षणही मार्मिक आहे. स्वप्नाळूपणा आणि कल्पनाशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इग्नेशियस पहिलीवर दुसरीचा अंकुश ठेवतो, हे बार्थइतक्या स्पष्टपणे पुष्कळ धर्मशास्त्र्यांनीही मांडलेले नाही. तथापि चौथ्या संहितेपाशी बार्थची चिन्हमीमांसा अडखळते. देवाचे उत्तर हे त्याला संकेतव्यवस्थेतील एक स्थान वाटते. ते रिकामे राहिले तरी व्यवस्था चालू शकते. साधकाच्या दृष्टीने मात्र सारा प्रश्न त्या स्थानाचाच आहे. तेथून काहीच येणार नसेल तर उरलेल्या तीन संहिता म्हणजे एक नीटस आत्मवंचना होय. ख्रिस्ती परंपरेतील विचारवंतांना आपसात ज्याबद्दल भांडावे लागले तो प्रश्न हाच.

त्या भांडणाकडे जाण्यापूर्वी इग्नेशियसच्या आत्मकथनातील एक प्रसंग पाहणे आवश्यक आहे. १५२३ मध्ये तो यात्रेकरू म्हणून यरुशलेमला पोहोचला. तेथेच राहण्याचा त्याचा निश्चय होता. पवित्र स्थळांची व्यवस्था पाहणाऱ्या फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी त्याला परत जाण्याची आज्ञा केली. निघण्यापूर्वी तो कोणालाही न सांगता एकटाच जैतुनाच्या डोंगरावर गेला. स्वर्गारोहणाच्या वेळी उमटलेली म्हणून दाखविली जाणारी येशूची पावले तेथील एका शिळेवर होती. पहारेकऱ्यांनी आत सोडावे म्हणून त्याने आपला चाकू देऊन टाकला. दर्शन घेऊन तो पुढे गेला आणि वाटेत त्याच्या लक्षात आले की उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते आणि डावे कोणत्या, हे आपण नीट पाहिलेच नाही. तो परत फिरला. या वेळी त्याने कात्री दिली.

मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकातील महानुभावीय 'स्थानपोथी'मागे हीच वृत्ती आहे. चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, त्या देवळाच्या कोणत्या बाजूस बसले, कोठे निजले, दार कोणत्या दिशेला होते, याची नोंद ही पोथी करते. म्हाइंभटाच्या 'लीळाचरित्रा'ने प्रसंग राखले, 'स्थानपोथी'ने त्यांच्या जागा राखल्या. महानुभावांच्या स्मरणात नामाइतकेच मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांनाही स्थान आहे. देहधारी अवतार दृष्टिआड झाल्यावर त्याचे सान्निध्य टिकवायचे तर तो कसा बसला, कसा हसला, कोठे वळला हे आठवावे लागते, अशी ही धारणा आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळातील या ग्रंथांकडे भाषेचा आणि समाजेतिहासाचा दस्तऐवज म्हणून जेवढे पाहिले गेले तेवढे प्रार्थनेचे साहित्य म्हणून पाहिले गेलेले नाही. दिशेचा तपशील तेथे केवळ माहिती देण्यासाठी आलेला नाही, तो स्मरणाचा आधार आहे.

साम्य इथपर्यंत आहे. खरी अर्थवत्ता भेदात आहे. महानुभाव परंपरेने स्थानाचा तपशील लिहून ठेवला आणि कल्पनेला वाव ठेवला नाही. स्मरणाची सत्यता नोंदीच्या अचूकपणावर उभी राहिली. इग्नेशियसला पावलांची दिशा कळावी म्हणून कात्री द्यावीशी वाटली, आणि तरीही पुढे पंचवीस वर्षे पुस्तकावर हात फिरविताना त्याने पॅलेस्टाईनमध्ये पाहिलेले त्यात उतरविले नाही. अखेरच्या भोजनाच्या ध्यानात बेथानीहून यरुशलेमला जाणारा रस्ता आहे. तो रुंद की अरुंद हे त्याला सांगता आले असते. तो तेथेही विचारतोच. पाहिलेल्या माणसाने न पाहिलेल्यांसाठी आपली साक्ष मागे घेतली, असेच याचे वर्णन करावे लागेल. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला रस्ता साधकाला दिला असता तर साधक इग्नेशियसच्या आठवणीत वावरला असता. त्याचा स्वतःचा रस्ता भूगोलाच्या दृष्टीने चुकीचा असेल, पण त्यावरून चालणारा तो स्वतः असेल.

मग कल्पिलेले आणि खरे यांत फरक कशाने करायचा? या प्रश्नाचे इग्नेशियसचे उत्तर मानरेसाच्याही आधीचे आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर तो घरी अंथरुणाला खिळला. शौर्यकथांची पुस्तके मागितली, ती घरात नव्हती. मिळाले ते साक्सनीच्या लुडोल्फचे ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रांचा एक संग्रह. तासन्तास तो कल्पना करीत राही. कधी एका उच्चकुलीन स्त्रीसाठी आपण कोणते पराक्रम करू याची, तर कधी फ्रान्सिस आणि डॉमिनिक यांनी केले ते आपण केले तर काय होईल याची. दोन्ही कल्पना रम्य होत्या. रम्यतेत त्यांच्यात फरक करता येत नव्हता. फरक पडे तो नंतर. पहिलीनंतर मन कोरडे आणि असमाधानी राही, दुसरीनंतर प्रसन्नता मागे उरे. पुढे मानरेसाला त्याला हवेत एक अतिशय सुंदर, सर्पाकृती, डोळ्यांसारख्या अनेक बिंदूंनी चमकणारी वस्तू वारंवार दिसे आणि ती पाहून सुख होई. ते दैवी नव्हे असा निर्णय त्याने पुढे स्वतःच दिला. कल्पनाशक्तीच्या इतिहासात या दोन अनुभवांचे मोल मोठे आहे. प्रतिमेची स्पष्टता, तिचे सौंदर्य, तिने दिलेला आनंद, यांतील एकही गोष्ट तिच्या सत्यतेचा पुरावा नाही, असे प्रतिमांवर सर्वाधिक भिस्त ठेवणारा माणूस सांगत आहे. तो पुरावा शोधतो रेंगाळणाऱ्या चवीत, आणि नंतरच्या वागण्यात.

रससिद्धान्ताच्या परिभाषेत हे मांडण्याचा मोह होतो. स्थळरचना म्हणजे विभावाची मांडणी, इंद्रिययोजना म्हणजे त्याचा परिपोष, असे समीकरण जुळवता येईलही. पण भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी ज्या साधारणीकरणाला रसप्रक्रियेचा गाभा मानले त्याच्या नेमके उलट येथे घडते. सहृदयाचे 'हे माझे, हे परक्याचे' असे भान गळून पडते. साधकाचे ते अधिक तीव्र केले जाते. क्रूसावरच्या येशूसमोर उभे राहून त्याने विचारायचे असते की यासाठी स्वतः काय केले, काय करीत आहे, काय करायला हवे. हा प्रश्न सर्वसाधारण माणसाचा असून चालत नाही. रूप गोस्वामींच्या भक्तिरसविचारात भक्त लीलेतील एखादी भूमिका स्वतःकडे घेतो. गुहेतील तो लहानसा सेवक या परंपरेला अधिक जवळचा आहे. आणखी एक भेद याहून सूक्ष्म आहे. प्रत्येक ध्यानाच्या पूर्वतयारीत स्थळरचनेनंतर एक याचना येते. दुःखाच्या ध्यानात दुःख मागायचे, आनंदाच्या ध्यानात आनंद. स्थळ रचणे साधकाच्या हाती आहे, भाव मात्र त्याने मागायचा आहे. प्रतिमा चांगली जमली म्हणून भाव उत्पन्न होईलच असे इग्नेशियस कोठेही म्हणत नाही. कल्पनेच्या तंत्राने देव हस्तगत करण्याचा हा प्रकार आहे, या आक्षेपाला त्या क्रमातच उत्तर दडलेले आहे.

आक्षेप अर्थातच जुना आहे. चौथ्या शतकातील एव्हाग्रियस या वाळवंटातील साधूने प्रार्थनेच्या वेळी देवाला कोणताही आकार देऊ नये असे सांगितले. सोळाव्या शतकात, इग्नेशियसच्याच भूमीत, क्रूसाच्या योहानाने कल्पनेला नवशिक्यांची पायरी मानले. आकार सोडल्याखेरीज ऐक्य नाही, ही त्याची निर्गुणाकडे झुकणारी भूमिका. कॅल्विनला तर मानवी मन हेच मूर्ती घडविण्याचा कारखाना वाटले. या तिघांच्या विरोधाची कारणे भिन्न आहेत. आविलाच्या तेरेसाची साक्ष या वादात निराळी आणि म्हणून मोलाची ठरते. स्वतःला कल्पना करताच येत नाही असे ती आत्मचरित्रात स्वच्छ सांगते. अंधारात एखाद्याशी बोलावे, तो आहे हे ठाऊक असावे पण दिसू नये, तशी तिची स्थिती. म्हणूनच तिला चित्रे प्रिय होती. आणि ही कल्पना न येणारी स्त्री वर्षानुवर्षे रोज रात्री झोपण्यापूर्वी गेथसेमनेच्या बागेत येशूजवळ जाऊन राहत असे. त्याचा घाम पुसावा असे तिला वाटे आणि धीर होत नसे. येशूच्या मनुष्यत्वाला ओलांडून पुढे जाण्याचा उपदेश करणाऱ्यांना तिने आयुष्याच्या उत्तरार्धात ठामपणे विरोध केला. ज्याला सामान्यतः 'कल्पना' म्हटले जाते त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, हे तिच्यामुळे ध्यानात येते. एक चित्र उभे करणे आणि दुसरी सान्निध्य धरून राहणे. तिच्यापाशी पहिली नव्हती.

मराठीत या परंपरेचा पहिला मोठा अवतार थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण'. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे काव्य १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. मराठी समीक्षेने त्याकडे पाहिले ते बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीच्या मूठभर ओव्यांपुरते. जणू एका परदेशी माणसाने दिलेले प्रशस्तिपत्र एवढेच त्या ग्रंथाचे मोल. वास्तविक येथे एक गहन वाङ्मयीन समस्या आहे. जेझुइट म्हणून स्टीफन्स इग्नेशियसच्या शिस्तीत घडला होता. थोडक्यात सांगावे, विस्तार करू नये, ही शिकवण त्याच्या परिचयाची होती. त्याने केले ते याच्या उलट. पुराण म्हणजे विस्तारच. निवेदक सांगतो, श्रोते शंका विचारतात, निवेदक पुन्हा सांगतो. गुहा कशी होती हे श्रोत्याने कल्पायचे नाही, पुराणिकाने ते सांगायचे. या विसंगतीचे कारण श्रोत्यांच्या स्थितीत सापडते. या नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे हिरावली गेली होती आणि नवी कथा त्यांच्या भाषेत अजून आलेली नव्हती. पुराणासाठीची ही मागणी खुद्द काव्यातच श्रोत्याच्या मुखी आली आहे. कथाच ठाऊक नसलेल्या माणसाला तिच्यातील रिक्त जागा कोठून दिसणार? लुडोल्फचे जाडजूड ख्रिस्तचरित्र वाचून झालेल्या इग्नेशियसलाच रस्ता रिकामा सोडणे परवडत होते. 'ख्रिस्तपुराण' त्या लुडोल्फच्या जागी आहे, 'व्यायामा'च्या जागी नव्हे. एकांतात करायच्या ध्यानाआधी चारचौघांत ऐकायची कथा लागते, आणि ती सक्तीच्या सावलीत पुरवली जात होती हेही या ग्रंथाच्या मूल्यमापनातून वगळता येणार नाही.

तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांपुढे हा प्रश्न उरला नव्हता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीच्या मागे बायबलचे मराठी भाषांतर होते आणि पुढे तुकाराम होता. प्रतिमांविषयी साशंक असलेल्या प्रॉटेस्टंट पंथात राहून त्यांनी सान्निध्य साधले ते प्रामुख्याने संबोधनातून, ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारून. गुहेचे छत किती उंच हे त्यांच्या अभंगांना विचारावेसे वाटत नाही. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

अमेरिकेतील व्हिनयार्ड या ख्रिस्ती पंथाच्या शिकागो व कॅलिफोर्निया येथील मंडळ्यांचा अभ्यास करून टान्या लुहरमान यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे हा जुना वाद मानवशास्त्राच्या अंगणात आला आहे. तेथील भाविक देवासाठी कॉफीचा दुसरा पेला भरून ठेवतात, त्याच्याशी दिवसभराच्या बारीकसारीक गोष्टी बोलतात. नियमित सरावाने मनातील प्रतिमा अधिक ठळक होतात, सान्निध्याची जाणीव अधिक वेळा येते, आणि हे कौशल्य कोणाला अधिक तर कोणाला कमी लाभते, असे लुहरमान यांना आढळले. देव आहे की नाही हा प्रश्न त्यांनी अभ्यासाबाहेर ठेवला, हे योग्यच. पण समीक्षकाच्या लक्षात प्रवासाची दिशा यावी. इग्नेशियसचा साधक बेथलेहेमला जातो. येथे देव स्वयंपाकघरात येतो. पहिल्यात साधक परक्या ठिकाणी सेवक म्हणून उभा असतो, दुसऱ्यात यजमान तो स्वतःच असतो. जिव्हाळा दोन्हीकडे असेल, संकोच मात्र एकीकडेच आहे. मित्र मित्राशी बोलतो तसे बोलावे, असे इग्नेशियसही सांगतो. पण ते वाक्य नरकाचे आणि क्रूसाचे ध्यान असलेल्या आठवड्यांच्या चौकटीत येते.

लोणावळ्याच्या साधना संस्थेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या मुंबईकर जेझुइट अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांच्या १९७८ मधील 'साधना' या पुस्तकात दोन्ही दिशा शेजारी शेजारी आढळतात. विपश्यनेशी नाते सांगणारे श्वासाचे आणि सजगतेचे पाठ, त्यानंतर कल्पनेचे, त्यानंतर भक्तीचे. संतांनी कल्पनेत जे पाहिले त्यात इतिहासाचे सत्य नसले तरी रहस्याचे सत्य आहे, अशी त्यांची मांडणी आहे. ती आकर्षक आहे. मात्र दोन सत्यांची अशी वाटणी केली की चवीची ती खडतर पारख मागे पडण्याचा धोका राहतो, आणि डिमेलो यांच्या काही पाठांत ती मागे पडलेली दिसतेही. त्यांच्या लेखनाविषयी व्हॅटिकनने १९९८ मध्ये इशारा काढला, त्यातील धर्मशास्त्रीय मुद्दे निराळे.

याच पुस्तकात रिकाम्या खुर्चीची एक कथा आहे. एका आजारी माणसाला भेटायला पुरोहित येतो. बिछान्याशेजारी एक रिकामी खुर्ची असते. वर्षानुवर्षे प्रार्थना जमत नव्हती, असे तो माणूस सांगतो. मग एका मित्राने सुचविले की समोर खुर्ची ठेवावी, तीवर येशू बसला आहे असे मानावे आणि बोलावे. खुर्चीवर बसलेल्याचा चेहरा कसा होता, वस्त्र कोणते होते, याचा कथेत उल्लेख नाही. रस्ता नाही, गुहा नाही, स्थळरचनेच्या जागी लाकडाची एक वस्तू आहे. तेरेसाच्या अंधारातील संवादाशी याचे नाते अधिक जवळचे. काही दिवसांनी त्या माणसाची मुलगी वडील गेल्याचे कळवायला येते. थोडा वेळ ती त्यांना एकटे सोडून गेली होती, परतली तेव्हा ते गेलेले होते. एक गोष्ट तिला चमत्कारिक वाटली म्हणून ती सांगते : त्यांचे डोके बिछान्यावर नव्हते, शेजारच्या खुर्चीवर टेकलेले होते.